करंडा आपल्याच हातात आहे

चैत्र पौर्णिमेची यात्रा आली की आमच्या येरमाळ्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. बालाघाटच्या डोंगरावरून येडेश्वरीची पालखी उतरते, 'आई राजा उदो उदो'नं शिवार दणाणतं आणि चुन्याच्या रानात लाखो हात पांढरे खडे वेचायला लागतात. म्हातारी, तरणी, लेकुरवाळी, आराधीण, ऊसतोडीहून परतलेली... सगळ्या एकाच रानात वाकलेल्या. कुणाच्या कपाळावर कुंकू आहे नि कुणाच्या नाही, हे त्या गर्दीत कुणी पाहत नाही. देवीही पाहत नाही.

पण त्याच चैत्रात, चार दिवसांनी, आपल्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं. तिथं मात्र आपण बरोबर पाहतो!

खरं सांगू का मैत्रिणींनो, आज मी दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला बसलेली नाही. माझ्याच घरातली गोष्ट सांगते. माझी धाकटी चुलत जाऊ. एकोणतिसाव्या वर्षी तिचा नवरा हायवेवरच्या अपघातात गेला. दोन लेकरं पदरात. त्या वर्षी माझ्या घरी हळदीकुंकू होतं. सकाळपासून तीच राबत होती. कैरीची डाळ तिनं वाटली, पन्हं तिनं ढवळलं, हरभरे तिनं भिजवले. संध्याकाळी पहिली बाई दारात आली तशी ती पदराला हात पुसत उठली आणि म्हणाली, "अक्का, मी आत बसते. बायका यायच्यात आता."

मी काय म्हणाले असेन? काहीच नाही. "बरं" म्हणाले. तिनं केलेलं पन्हं मी तीस बायकांना दिलं आणि तिला आतल्या खोलीत एक पेला नेऊन दिला. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, 'किती समजूतदार आहे पोरगी' असंच वाटलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एक सिनेमा. लेकीनं परवा मोबाइलवर लावून दिला. आफ्रिकेतला आहे, नाव 'मूलादे'. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, तीही भराभर पळत होती. लेक शेजारी बसून सांगत गेली. सिनेमा संपला तेव्हा मला झोप लागेना. डोळ्यांपुढं आफ्रिका नव्हती, आतल्या खोलीतला तो पन्ह्याचा पेला होता.

दारावरची दोरी

हा सिनेमा २००४ सालचा. दिग्दर्शक उस्मान सेम्बेन, सेनेगल देशाचे. हे गृहस्थ आधी कादंबऱ्या लिहायचे. पण आपल्या माणसांना वाचता येत नाही, मग लिहून पोचणार कुठं, म्हणून सिनेमाकडे वळले. १९६३ साली एका गरीब गाडीवानावर वीसेक मिनिटांचा लघुपट काढला आणि पुढं आफ्रिकी सिनेमाचे जनक म्हणून जगभर ओळखले गेले. 'मूलादे' काढला तेव्हा ते ऐंशीच्या पुढं होते. फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याला 'अन सर्टन रिगार्ड' या विभागाचं मुख्य पारितोषिक मिळालं.

विषय असा की घरात मोठ्यानं बोलायची सोय नाही. मुलींची सुंता! वयात येण्याआधी मुलीचा अवयव कापायचा, म्हणजे ती 'शुद्ध' झाली. न कापलेल्या मुलीशी लग्न कुणी करत नाही. कापताना रक्त जाऊन मुली मरतात, पुढं बाळंतपणात मरतात. तरी 'पूर्वापार चालत आलंय' म्हणून चालूच.

सिनेमातल्या गावात एके सकाळी काही मुली या विधीतून पळून जातात. त्यातल्या चौघी कोले नावाच्या बाईच्या घरी शिरतात, कारण कोलेनं आपल्या स्वतःच्या लेकीला कापू दिलेलं नाही, हे गावाला ठाऊक असतं. कोले काय करते? ती भाषण करत नाही की पोलीस बोलवत नाही. घरातली एक रंगीत दोरी काढते आणि उंबऱ्याशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधते. गुडघ्याएवढीसुद्धा उंच नाही ती दोरी! पण त्या भागात जुनी रीत आहे, आश्रयाला आलेल्याला अभय द्यायची. 'मूलादे' म्हणजे तेच अभय. ज्यानं दिलं त्यानं स्वतःच्या तोंडानं मागं घेतल्याशिवाय ते मोडता येत नाही. मोडलं तर अरिष्ट येतं, अशी गावाची श्रद्धा. म्हणजे बघा, गाव रूढीचा धाक दाखवतं तर कोले त्याच गावाला त्याचीच दुसरी रूढी दाखवते.

मग गावातल्या पुरुषांना वाटतं, बायका बिघडल्या त्या रेडिओमुळं. सगळ्या घरांतले रेडिओ गोळा करून मशिदीसमोर ढीग घालतात आणि पेटवतात. कोलेच्या नवऱ्याच्या हातात त्याचा भाऊ चाबूक देतो. भर गावात तिला मार बसतो. एक शब्द उच्चारला की सुटका. ती ओठ मिटून उभी राहते. पडते, पण शब्द काढत नाही.

सिनेमात मला सगळ्यात जास्त हललं ते वेगळ्याच जागी. मुलींना कापतं कोण? पुरुष नव्हे. लाल कपडे घातलेल्या बायका. गावातल्या मानाच्या, वडीलधाऱ्या बायका. मुलींना धरून आणतं कोण? त्यांच्या आया. कोलेला मार बसत असताना सगळ्यांचं लक्ष तिकडं, तेवढ्यात एक आई आपल्या लेकीला गोड बोलून दोरीबाहेर काढते आणि विधीला नेते. ती पोर वाचत नाही. त्यानंतर मात्र गावातल्या बायका एक होतात, त्या लाल कपड्यातल्या बायकांकडच्या सुऱ्या काढून घेतात आणि आगीत टाकतात. कोलेची थोरली सवत, जी आधी घाबरून गप्प होती, तीही हळूहळू तिच्या बाजूला येते.

कापणाऱ्या हातातून सुरी गेली आणि तिथं रूढी मोडली.

त्यांचं ते रानटी, आपलं ते रीतीचं?

आता तुम्ही म्हणाल, ते आफ्रिकेतलं झालं. आपल्याकडं असलं काही नसतं बाई. मीही पहिल्यांदा लेकीला हेच म्हणाले.

नवरा वारल्यावर बाईचं काय करायचं, या बाबतीत मात्र आफ्रिकेतल्या बायका आणि आपण अगदी सख्ख्या बहिणी शोभतो. तिथंही कितीतरी भागांत विधवेचं डोकं भादरतात, तिला वेगळं बसवतात, नवऱ्याच्या मरणाचा ठपका तिच्यावर ठेवतात, शेतघरातून बाहेर काढतात. घाना देशानं १९८४ साली विधवांवर क्रूर विधी लादणं हा गुन्हा ठरवला. नायजेरियातल्या एनुगू राज्यानं २००१ साली कायदा केला. २००३ मध्ये आफ्रिकी देशांनी मिळून स्त्रियांच्या हक्कांचा करार केला, त्यात विधवांसाठी वेगळं कलम घातलं. मुलींच्या सुंतेवरही बुर्किना फासोनं १९९६ साली, सेनेगलनं १९९९ साली बंदी घातली. कायदे झाले आणि सुंता तरी चोरून चालूच राहिली. कायदा गावाच्या वेशीपर्यंत येतो. उंबऱ्याच्या आत त्याला कुणी बोलवावं लागतं.

आपलं तरी काय वेगळं आहे? विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांची सुखरूप बाळंतपणं व्हावीत म्हणून. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारलं की सगळे दोष बाईच्याच माथी का? धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी लग्न केलं. हे सगळं आपण शाळेत घोकलं, मार्क मिळवले.

पण एक गोष्ट शाळेत कुणी ठळक करून सांगितली नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी सभा घेतली आणि ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. वस्तरा ज्याच्या हातात, त्यानंच तो खाली ठेवला! शास्त्र काय म्हणतं यावर मोठमोठ्या विद्वानांचे वाद चालले होते. न्हाव्यांनी वाद घातला नाही. 'आमच्या हातून हे होणार नाही,' एवढंच म्हणाले.

मला 'मूलादे'तल्या सुऱ्या आणि हा वस्तरा एकाच ओळीत दिसायला लागले. आणि मग प्रश्न पडला, आज आपल्या गावात तो वस्तरा कुणाच्या हातात आहे?

आठवून बघा. माणूस जातो, घरात रडारड चालू असते. त्या बाईच्या बांगड्या कोण फोडतं? कुंकू कोण पुसतं? जोडवी कोण काढतं? पुरुष तर अंगणात तिरडी बांधत असतात. आत भावकीतल्या बायका असतात. म्हणजे आपणच! रडत रडत करतो, पण करतो. आणि पुढं वर्षानुवर्षं हळदीकुंकवाचा करंडा घेऊन तिच्यापुढून सरकून जातो, तेही आपणच.

हेरवाडनं काय केलं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की आमच्या गावात पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी हा विषय लावून धरला होता. लगेच १७ मे २०२२ ला राज्य सरकारनं परिपत्रक काढलं, की हेरवाडचा आदर्श सगळ्या ग्रामपंचायतींनी घ्यावा. त्यानंतर आणखी गावांनीही ठराव केले.

चांगलं झालं, यात शंका नाही. पण परिपत्रक सांगतं, समजावतं. शिक्षा करत नाही. ठराव ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात राहतो आणि बांगड्या फुटतात त्या घराच्या आत, भिंतीआड. तिथं सरपंच येणार आहे का ग्रामसेवक?

पुढं एप्रिल २०२३ मध्ये वेगळाच वाद झाला. विधवा हा शब्द नको, 'गंगा भागीरथी' म्हणा, असं महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी सुचवलं. गदारोळ झाला, मग तो फक्त चर्चेसाठीचा प्रस्ताव होता असं त्यांनी सांगितलं. आपल्याकडं लग्नपत्रिकेत 'गं. भा.' छापतातच की! छापतात आणि लग्नात त्याच आईला अक्षता टाकायला मागं उभं करतात. नाव गंगेचं दिलं म्हणून जागा बदलत नाही.

कपाळ कुणाचं?

या विषयावर बोलायला लागलं की दोन-तीन ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं, "तिलाच नको असतं बाई. तीच मागं सरते." सरतेच ना. कारण पुढं आली तर काय ऐकावं लागतं ते तिला माहीत असतं. माझ्या जावेनं मला "मी आत बसते" असं म्हटलं, ते मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. तिनं माझी लाज राखली आणि मी त्याला तिची मर्जी समजले!

दुसरं, "कुंकू नवऱ्याच्या नावाचं असतं." असं? मग पाळण्यातल्या पोरीला तीट कुणाच्या नावाची लावतो? शाळेत जाणारी पोर टिकली लावते, हातभर बांगड्या घालते, गजरा माळते. तेव्हा कुठं असतो नवरा? मंगळसूत्र लग्नात आलं, मान्य. कपाळ आणि मनगट तर माहेरहून आणलेलं आहे. जे त्यानं दिलंच नाही, ते त्याच्याबरोबर जाणार कसं?

तिसरं, "धर्मात सांगितलंय." मग आपण जिजाऊंच्या तसबिरीपुढं हात जोडतो, त्या शहाजीराजांमागं दहा वर्षं जगल्या आणि त्यांनी आपल्या लेकाला छत्रपती झालेलं पाहिलं. अहिल्याबाई होळकरांनी नवरा गेल्यावर राज्य चालवलं, देशभर देवळं बांधली, घाट बांधले. त्यांनी जीर्णोद्धार केलेल्या देवळात आपण दर्शनाला जातो आणि आपल्याच गल्लीतल्या विधवेनं ओटी भरली तर 'अपशकुन' म्हणतो. हा कुठला हिशेब?

आणि हे नुसतं मानापमानाचं नाही, हेही समजून घ्या. आपला धाराशिव जिल्हा दुष्काळाचा, शेतकरी आत्महत्यांचा. इथं कितीतरी घरांत कर्ता पुरुष गेलेला आहे आणि शेत, कर्ज, लेकरं, म्हातारे सासू-सासरे हे सगळं एका बाईच्या डोक्यावर आहे. सरकारनं आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाखाची मदत ठेवली आहे, त्यातले तीस हजार रोख मिळतात आणि बाकीचे ठेवीत. संजय गांधी निराधार योजनेचं मानधन २०२३ मध्ये दीड हजार झालं. पण हे मिळवायला तिला तहसीलला जावं लागतं, बँकेत जावं लागतं, तलाठ्याकडं वारसनोंद करून फेरफार घ्यावा लागतो. 'अशी कशी लगेच बाहेर पडली' हे ऐकत तिनं कितीदा जायचं? जी बाई चार बायकांत बसू शकत नाही, ती भावकीच्या बैठकीत हिस्सा कसा मागेल?

म्हणूनच हे प्रत्येकीनं लक्षात ठेवावं. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा आहे. मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला मुलगा, मुलगी आणि नवऱ्याची आई यांच्याबरोबरीचा हिस्सा आहे. त्या हिश्श्याची ती पूर्ण मालकीण असते. पुढं दुसरं लग्न केलं तरी तो जात नाही. १८५६ च्या जुन्या कायद्यात जायचा. 'तू तर जाणारच उद्या दुसऱ्या घरी, कशाला सातबाऱ्यावर नाव?' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. आणि ज्या बाईला आपण 'पांढऱ्या कपाळाची' म्हणून बाजूला बसवतो, तिला हा कायदा सांगणार कोण? हळदीकुंकवाला जमलेल्या पंचवीस बायकांत एखादी अंगणवाडीताई असते, एखादी बचतगटाची अध्यक्ष असते, एखादी वकिलाची बायको असते. माहिती तिथंच फिरते. आणि जिला तिची सगळ्यात जास्त गरज, ती आतल्या खोलीत!

एक शब्द न काढण्याची गोष्ट

मागच्या चैत्रात मी पुन्हा हळदीकुंकू केलं. आदल्या दिवशी जावेला म्हणाले, "उद्या तू आत बसायचं नाहीस. माझ्या शेजारी बसायचंस." ती म्हणाली, "नको अक्का, तुमच्याकडं कुणी यायचं नाही पुढच्या वर्षी." आत्याबाई ऐकत होत्या. पंचाहत्तरीच्या आहेत, मामा जाऊन बारा वर्षं झाली. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या काहीच बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. मी पहिलं कुंकू जावेला लावलं. हात थरथरला, खोटं कशाला सांगू! दोघी-तिघी उठून गेल्या. एकीनं जाताना "शिकलेल्या बायका घरं बुडवतात" असंही ऐकवलं. मला त्या कोलेची आठवण झाली. ती चाबूक खाऊन गप्प राहिली, मला दोन शब्द खाऊन गप्प राहायला काय झालं?

बाकीच्या बसल्या. कुणी काही बोललं नाही. पन्हं प्यायल्या, हरभरे ओटीत घेतले. आणि सगळ्यात शेवटी आत्याबाई आतून आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मला नुसतं हळदीचं बोट लाव. कुंकवाची सवय मोडली आता." मी लावलं. बारा वर्षं ही बाई माझ्याच घरात आतल्या खोलीत बसत होती आणि मी फक्त जावेचा विचार करत होते!

पुढच्या चैत्रात त्या उठून गेलेल्या दोघी-तिघी येतील की नाही, मला माहीत नाही. त्यातली एक रस्त्यात भेटली तर अजून मान फिरवते. जाऊही अजून दारात पाहुणी दिसली की आधी आतच वळते, मग थांबते. तिची सवय एका वर्षात कशी जाईल? आपली तरी गेलीय का?

पण मैत्रिणींनो, एवढं नक्की. हे थांबवायला आपल्याला मोर्चा काढायला नको की मंत्रालयात जायला नको. तुमच्या भावकीत उद्या दुःखाचा प्रसंग आला, तर बांगड्या फोडायला पुढं होऊ नका. दुसरी पुढं झाली, तर तिचा हात धरा. मोठ्यानं बोलायचीही गरज नाही. आणि येत्या संक्रांतीला, येत्या चैत्रात वाण देताना एक वाण जास्त आणा. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत आतल्या खोलीत कोण बसलंय, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

वस्तरा न्हाव्यांनी खाली ठेवला. सुऱ्या त्या बायकांनी आगीत टाकल्या. आपल्या हातात तर नुसता करंडा आहे. तो कुणापुढं धरायचा, एवढंच आपल्याला ठरवायचंय.